ही ओळ काढू नका

डिसेंबरात क्लाक्सविकला तीनलाच अंधारून येतं.
खाली धक्क्यावर कॉडच्या पेट्या उतरतात,
वर ऑफिसात मी त्यांचे आकडे उतरवते:
तेर्नन, चार टन. लोमुर, अडीच.
हावगासचा अजून पत्ता नाही.
मग कोपऱ्यातलं राखाडी बटण दाबते
आणि एयुनचा मॅक्रो कामाला लागतो.

एयुन तीन वर्षांमागे निवृत्त झाला.
जाताना कॉफीचा मग नेला,
खुर्चीवरचं मेंढीचं कातडं नेलं,
हा एवढा मागे ठेवला:
तक्ता उचलतो, बोटीगणिक फाइल वेगळी करतो,
तिच्या कपाळावर तारीख लावतो
आणि ज्या त्या बोटीच्या फोल्डरात नेऊन ठेवतो.
दोन सेकंद. स्क्रीन एकदा डोळा मिचकावते.
पूर्वी याला अख्खी संध्याकाळ लागायची म्हणे,
आणि एक माणूस.

परवा सर्व्हर बदलला.
जुने पत्ते गेले. मॅक्रो म्हणाला, असं फोल्डर नाही.
म्हणून मी पहिल्यांदा त्याचं झाकण उघडलं.

आत कोड, आणि कोडच्या मधेमधे हिरव्या ओळी.
ओळीच्या तोंडाशी एक बारीकसं अवतरणचिन्ह दिलं
की ती यंत्राला दिसेनाशी होते.
दारात झोपलेल्या कुत्र्याला ओलांडावं
तसं ते तिला ओलांडून पुढे जातं.
ती फक्त मागून येणाऱ्या माणसासाठी.
दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा एयुन
इथे आत मोकळा सुटला होता:
‘उत्तरेचा वारा असेल तर थांब, लोमुर उशिरा येते.’
‘इथे दोनदा चुकलो. तिसऱ्यांदाही चुकेन.’
‘रिकामी रांग लागली तर घाबरू नये.’
आणि एका जागी नुसतंच:
‘ही ओळ काढू नका.’

ती ओळ स्कारवुरसाठी फोल्डर करत होती.
स्कारवुर नावाची बोट मी कधी पाहिली नाही.
पण रोज संध्याकाळी तिच्या नावाचं
एक फोल्डर तयार होत होतं, तारखेसकट.
उघडून पाहिली, वीस-पंचवीस तरी.
आत काही नाही.

मला वाटायचं ते वाटलं.
बंदरात वाढलेल्या कुणालाही वाटलं असतं.
चर्चमागच्या दगडावरची नावं मनात फिरवली,
कुठलं एयुनच्या घरचं असेल ते.
रविवारी रूबार्बचा केक घेऊन त्याच्याकडे गेले,
आवाज वाटेतच हळू करून ठेवलेला.

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला.
‘स्कारवुर? आइसलंडला विकली, भंगारात.
तिचं इंजिन कधी धड नव्हतंच.
पण यादीत ती पहिली.
तिला काढलं की सगळे एकेक घर सरकतात.
तेर्ननचे मासे लोमुरच्या घरात,
लोमुरचे हावगासच्या,
आणि पगाराच्या दिवशी तिन्ही कप्तान माझ्या दारात.
एकदा काढून पाहिली होती मी.’
मग दुरुस्त का नाही केलंस?
‘करणार होतो,’ म्हणाला, आणि केक कापायला घेतला.

मी सोमवारी दुरुस्तीला बसले.
आता मॅक्रो आधी खिडकी उघडून विचारतो, कुठे ठेवू?
रात्रपाळीला हेयिन असतो.
त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं;
त्यानेही बोट लागेल तिथे उत्तर दिलं.
गुरुवारचा हॅडक, साडेतीन टन,
त्याच्या नातीच्या बारशाच्या फोटोंत सापडला.

स्कारवुरची ओळ मात्र तशीच आहे.
दहा मिनिटांचं काम, मला येतं.
तिच्याखाली एक अवतरणचिन्ह दिलं
आणि लिहिलं:
‘बोट विकली आहे. कुणी बुडालेलं नाही.
तरी काढू नका.’

हावगास आली. सहा टन.